'क्लोज-निट' म्हणजे नेमकं किती घट्ट?

इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याच्या नजरेखालून 'क्लोज-निट' हे विशेषण अधूनमधून जातंच. क्लोज-निट फॅमिली, क्लोज-निट कम्युनिटी, क्लोज-निट टीम. आपल्याकडे लग्नाच्या इंग्रजी बायोडेटांनी तर ते केव्हाच दत्तक घेतलंय. 'आमचं कुटुंब क्लोज-निट आहे' एवढं लिहिलं की 'मुलगी सगळ्यांत मिसळणारी हवी' हे वेगळं लिहावं लागत नाही. ढोबळ अर्थ सगळ्यांना कळतो: एकमेकांना धरून असलेली माणसं. शब्दकोशही साधारण तिथंच थांबतात.

'निट' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात लोकर, दोन सुया आणि अर्धवट राहिलेला स्वेटर. म्हणून या शब्दाची फोड बहुतेक वेळा अशी केली जाते: स्वेटरचे टाके जसे एकमेकांत अडकलेले, तशी ही माणसं. ऐकायला छान आहे, पण यात कालक्रम उलटा लागलाय. इंग्रजीत माणसांसाठी 'निट' वापरायला लागले ते आधी. सुयांवरच्या लोकरकामाला हे क्रियापद चिकटलं ते नंतर.

मूळ क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'क्निट्टन' असं काहीसं. अर्थ साधा: गाठ मारणे, बांधणे. गाठ या अर्थाचा 'नॉट' हा त्याचा सख्खा भाऊ. जहाजाचा वेग ज्यात मोजतात तो 'नॉट'ही हाच. पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून किती गाठी सरकल्या ते मोजत. दोन्ही शब्दांच्या आरंभी लिहिला जाणारा आणि न उच्चारला जाणारा 'के' पूर्वी नीट उच्चारला जायचा. जर्मनमध्ये गाठीला आजही 'क्नोटन' म्हणतात, 'के'सकट. इंग्रजांनी तो सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून टाकला, पण लिहिण्यात ठेवला आणि जगभरच्या शाळकरी मुलांना कामाला लावलं. गंमत म्हणजे याच मूक 'के'चे दोन शब्द थेट आपल्या घराण्यातले आहेत: गुडघ्याला 'नी' म्हणतात ते संस्कृत 'जानु'चं भावंड आणि 'नो', म्हणजे जाणणे, हे 'ज्ञा'चं. त्याच धर्तीवर 'निट'चं नातं 'ग्रंथी'शी जोडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. अर्थ जवळचे असले तरी शब्द वेगळ्या मुळांचे आहेत.

गाठ मारणे हा अर्थ माणसांकडे सरकायला फार वेळ लागला नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसरने 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या दीर्घकाव्यात प्रेमाचं वर्णन करताना, सहवासाचा नियम प्रेमच 'निट' करतं, असं म्हटलंय. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये योनाथानचा जीव दावीदच्या जीवाशी 'निट' झाला असं वाक्य आहे. त्याच बायबलात एका जागी इस्राएलचे सगळे लोक एका शहराविरुद्ध जमतात, ते 'एका माणसासारखे निट होऊन'. प्रेमात आणि मोहिमेत, दोन्हीकडे तेच क्रियापद. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएटचा बाप लग्नाची घाई करताना म्हणतो, ही गाठ मी उद्या सकाळीच बांधून टाकतो. मूळ वाक्यात गाठीला 'नॉट' आहे आणि बांधायला 'निट', म्हणजे दोन्ही भाऊ एकाच ओळीत. लग्नगाठ हा शब्द असलेल्या मराठी वाचकाला हे वाक्य समजावून सांगायची गरजच नाही.

हाडाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. मोडलेलं हाड सांधलं की इंग्रजी डॉक्टर आजही 'हाड निट होतंय' म्हणतात. तिथे ना सुई, ना लोकर. दोन वेगळे तुकडे धरून एक होतात, एवढाच मूळ अर्थ शिल्लक आहे.

लोकरीच्या विणकामाला इंग्लंडमध्ये मोठं महत्त्व आलं ते सोळाव्या शतकात. किती महत्त्व? १५७१ साली राणी एलिझाबेथच्या (पहिल्या) पार्लमेंटने कायदाच केला: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी डोक्यावर इंग्लंडमध्येच बनलेली, विणलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. उमराव, जमीनदार आणि घरंदाज बायका वगळलेल्या, म्हणजे दंड भरायचा तो इतरांनी. टोपी विणणाऱ्यांचा धंदा वाचवण्यासाठी आणलेला हा कायदा १५९७ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात, १५८९ साली, नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्रही बनवलं. हा धंदा घरोघरी पोचला तसं 'निट' म्हटल्यावर लोकांच्या मनात आधी गाठ न येता मोजा यायला लागला. जुना अर्थ मात्र मेला नाही. तो माणसांपुरता, हाडांपुरता आणि कपाळाच्या आठ्यांपुरता उरला. 'भुवया निट करणे' म्हणजे कपाळाला आठ्या घालणे.

या जुन्या-नव्या अर्थांत फरक काय पडतो, ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे. सुयांवरचं विणकाम उलगडून पाहा. एकच सलग धागा असतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या फासातून वर आलेला, आणि वरचा टाका त्याला धरून. एक सुलट, एक उलट करत शंभर ओळी झाल्या तरी त्यात गाठ एकही नसते. त्यामुळेच सुईवरून एक टाका निसटला की त्याच्याखालचा सुटतो, मग त्याच्याखालचा, आणि बघता बघता वरपासून खालपर्यंत शिडी पडते. आता मासेमारीचं जाळं घ्या. तिथे प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर स्वतंत्र गाठ. एक दोरा तुटला तर तेवढं भोक पडतं, बाकीचं जाळं जागच्या जागी राहतं. 'क्लोज-निट' माणसांचा घोळका यांतल्या कशासारखा वागतो? एक माणूस दूर गेला म्हणून बाकीच्यांची रांगच्या रांग सुटत जात नाही, कारण ते एकमेकांशी इतर दहा वाटांनी बांधलेले असतात. शब्दाचा इतिहासही तेच सांगतो: स्वेटर सोडा, जाळं धरा.

आता 'क्लोज'. उच्चार 'क्लोस'. दार लावायचं ते क्रियापद 'क्लोझ', आणि जवळचा या अर्थाचं विशेषण 'क्लोस'. मराठीत आपण दोन्हीकडे 'क्लोज'च म्हणतो, म्हणून इथेही तेच चालू ठेवतो. मूळ मात्र दोघांचं एकच: बंद करणे या अर्थाचं लॅटिन 'क्लाउदेरे', फ्रेंचमार्गे आलेलं. बंद, म्हणून कोंडलेलं. कोंडलेलं, म्हणून मध्ये फट नसलेलं. फट नाही, म्हणून जवळचं. बंद जागेच्या भीतीला 'क्लॉस्ट्रोफोबिया' म्हणतात तो याच घराण्यातला. क्लोज-निट घरात वाढलेल्या कित्येकांना हे नातं न सांगताही कळेल.

'टाइट-निट' हा त्याचा जोडीदार शब्द, आणि रोजच्या वापरात दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात. त्यातल्या 'टाइट'चा जुना अर्थ ताणलेला असा नव्हता. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या एका शब्दाशी जोडतात, ज्याचा अर्थ दाट, पाणी झिरपू न देणारा. हा दाटपणाचा अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वापराबद्दल थोडं. 'ते दोघं क्लोज-निट मित्र आहेत' असं इंग्रजीत म्हणत नाहीत. दोघं नुसते 'क्लोज' असतात. क्लोज-निट व्हायला घोळका लागतो: कुटुंब, गल्ली, संघ, बोटीवरचे खलाशी. नामाच्या आधी आलं तर मध्ये छोटी आडवी रेघ देतात. नामानंतर आलं तर 'क्लोजली निट' असंही चालतं. स्वेटर 'निटेड' असतो, पण माणसांसाठी जुनं रूप 'निट'च टिकलंय. उलट अर्थाला 'लूज-निट'.

घोळका लागतो, हीच खरी किल्ली आहे. दोन माणसांमधल्या जिव्हाळ्याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. तुमच्या ओळखीची माणसं आपापसात एकमेकांना ओळखतात का, एवढंच तो विचारतो. आणि ते मोजता येतं.

हे मोजायची कल्पना नॉर्वेच्या किनाऱ्यावरून आली. जॉन बार्न्स हे मानववंशशास्त्रज्ञ ब्रेमनेस नावाच्या बेटावरच्या वस्तीत राहून मासेमार आणि शेतकऱ्यांचा अभ्यास करत होते. कोण कुणाच्या बोटीवर जातं, कोण कुणाचा शेजारी, कोण कुणाचा नातलग, हे सगळं कुठल्याही एका संस्थेच्या चौकटीत बसेना. १९५४च्या निबंधात त्यांनी चित्र मांडलं ते जाळ्याचं: माणसं म्हणजे बिंदू, ओळखी म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. आज आपण 'सोशल नेटवर्क' हा शब्द मोबाइलवरच्या ॲपसाठी वापरतो. समाजशास्त्रात तो रुळला तो या निबंधापासून.

तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, एलिझाबेथ बॉट यांचं कुटुंब आणि सामाजिक जाळं यावरचं पुस्तक आलं. मूळच्या कॅनडातल्या बॉट लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत काम करत होत्या. त्यांनी लंडनमधली फक्त २० जोडपी घेतली आणि त्यांच्या संसाराचा बारकाईने अभ्यास केला. ज्या जाळ्यातली माणसं एकमेकांना बरीच ओळखतात त्याला त्यांनी नाव दिलं 'क्लोज-निट', आणि जिथे फारशी ओळखत नाहीत त्याला 'लूज-निट'. बायोडेटात शिरण्यापूर्वी हा शब्द असा शास्त्रीय परिभाषेत जाऊन आलाय.

गणित शाळकरी आहे. तुमच्या आयुष्यातली जवळची १० माणसं कागदावर लिहा. स्वतःला धरू नका. १० माणसांच्या जोड्या होतात ४५ (दहा गुणिले नऊ, भागिले दोन). आता एकेका जोडीवर बोट ठेवून विचारायचं: हे दोघं एकमेकांना ओळखतात? कोकणातल्या वाडीत राहणाऱ्या माणसाची यादी समजा अशी: काका, काकू, दोन चुलतभाऊ, शेजारचे दोघे, दुकानदार, शाळेतला मित्र, भजनी मंडळातले दोघे. इथे ४५ पैकी ४०-४२ जोड्यांवर सहज टिक पडेल. म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास दाट. आता पुण्यात नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मुलीची यादी: ऑफिसातल्या तिघी, कॉलेजच्या दोघी, खोलीतली जोडीदारीण, ट्रेकिंगच्या ग्रुपमधले दोघे, आई आणि भाऊ. ऑफिसच्या तिघींच्या आपापसात तीन जोड्या, कॉलेजची एक, ट्रेकिंगची एक, आई-भाऊ एक, आणि आई खोलीतल्या जोडीदारणीला ओळखते ती एक. सात. ४५ पैकी ७, म्हणजे १६ टक्क्यांच्या आत. या मुलीचं तिच्या दहाही जणांवर जिवापाड प्रेम असू शकतं. तरी तिचं जाळं लूज-निटच राहतं. आणि वाडीतल्या माणसाचं त्याच्या दोन चुलतभावांशी बोलणं बंद असेल, तरी त्याचं जाळं क्लोज-निटच. प्रेम आणि दाटपणा ही दोन वेगळी मापं आहेत. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि मग 'एवढं क्लोज-निट कुटुंब, तरी भांडणं कशी?' याचं आश्चर्य करत बसतो. भांडायला आणि भांडणाची खबर सगळीकडे पोचायला दाट जाळंच सोयीचं पडतं.

बॉट यांना जे सापडलं ते तेव्हा अनपेक्षित होतं. नवरा-बायकोचं जाळं जितकं क्लोज-निट, तितकी घरातल्या कामांची विभागणी कडक. त्यांनी न्यूबोल्ट असं टोपणनाव दिलेल्या एका कामगार कुटुंबात बायकोचं रोजचं येणं-जाणं आई, बहिणी आणि शेजारणींत, नवऱ्याचं त्याच्या मित्रांत. ही कामं बाईची, ही पुरुषाची, यात कुणाला शंका नाही. उलट ज्या जोडप्यांचे ओळखीचे लोक शहरभर विखुरलेले आणि परस्परांना अनोळखी, त्यांच्याकडे नवरा मुलं सांभाळतो, दोघं मिळून सुट्टीचे बेत करतात. कारण भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. आजारपणात धावून यायला आई आणि बहीण दोन गल्ल्यांवर असतील, तर नवऱ्याची गरज कमी पडते. शिवाय भोवतालची सगळी माणसं एकमेकांशी बोलत असतील तर 'पुरुषाने काय करावं' यावर त्यांचं एकमत पटकन होतं, आणि ते मोडणाऱ्याची चर्चाही. विखुरलेल्या जाळ्यात असं एकमत होतच नाही, आणि मदतीला हाताशी असतो तो फक्त जोडीदार. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या पिढीतल्या बायकांना हे पुस्तक न वाचताही माहीत असावं. वीस जोडप्यांवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, आणि नंतरच्या अभ्यासांत हे सूत्र सगळीकडे सारखं लागू पडलंही नाही. प्रश्न विचारायची पद्धत मात्र टिकली.

सगळ्यांत सुंदर वापर केला तो भाषेच्या अभ्यासकांनी. १९७०च्या दशकात लेस्ली मिलरॉय आणि जेम्स मिलरॉय यांनी उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या तीन कामगार वस्त्या घेतल्या: बॅलीमॅकॅरेट, क्लोनार्ड आणि हॅमर. प्रत्येक बोलणाऱ्याला शून्य ते पाच गुण. भोवतालच्या दाट घोळक्यात असलात तर एक. वस्तीत नातेवाईक असतील तर एक. वस्तीतलेच किमान दोघं तुमच्याच कामाच्या जागी असतील तर एक. त्यांत तुमच्याच लिंगाचे दोघं असतील तर आणखी एक. आणि सुट्टीच्या वेळातही त्याच सहकाऱ्यांत राहत असाल तर पाचवा. मग त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं. बेलफास्टच्या बोलीत 'मदर'सारख्या शब्दातला मधला 'द' गळून पडतो. ज्यांचे गुण जास्त, त्यांच्या बोलण्यात अशा स्थानिक लकबी साधारणपणे जास्त टिकलेल्या आढळल्या. शाळेत, रेडिओवर 'शुद्ध' इंग्रजी कानावर पडत असूनही. क्लोनार्डमध्ये तर एका लकबीबाबत तरुण मुली पुरुषांच्या पुढे निघाल्या, कारण पुरुष बेकार होऊन विखुरले होते आणि मुली एकाच ठिकाणी कामाला होत्या.

ही मोजपट्टी वाचताना मला राहून राहून गिरणगाव आठवतं. एकाच गावची माणसं, गावकीच्या एकाच खोलीत, त्यांतली बरीच एकाच गिरणीत, आणि पाळी सुटल्यावर त्याच मंडळींचं भजन. मिलरॉय दांपत्य परळला आलं असतं तर पाचपैकी पाच गुण वाटता वाटता त्यांचे कागद संपले असते.

दाट जाळ्याची किंमतही असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं: ओळखीतून नोकरी कळली असेल तर ती सांगणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारा, ५५.६ टक्के. क्वचित, २७.८ टक्के. म्हणजे सख्ख्यांपेक्षा लांबचे जास्त कामाला आले. कारण उघड आहे: रोज भेटणाऱ्या दहा जणांना माहीत असलेली बातमी तुम्हालाही आधीच माहीत असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यात पाय असलेल्या माणसाकडून. १९७३ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध समाजशास्त्रातल्या सगळ्यांत जास्त उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी आहे.

त्याच निबंधात ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनच्या वेस्ट एंडचा दाखला घेतला. प्रामुख्याने इटालियन कामगारांची ही वस्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस नगरविकासाच्या नावाखाली पाडली गेली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स तिथे राहून आले होते आणि माणसं एकमेकांना किती धरून होती ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. मग एवढी क्लोज-निट वस्ती बुलडोझरपुढे एक होऊन उभी का राहिली नाही? ग्रॅनोव्हेटर यांचं उत्तर असं: छोटे छोटे घोळके आतून फार घट्ट होते, पण एका घोळक्याला दुसऱ्याशी जोडणारी पातळ ओळख नव्हती. त्यामुळे पुढारी कोण, विश्वास कुणावर ठेवायचा, हे वस्तीभर पोचलंच नाही. जवळच्याच चार्ल्सटाउनमध्ये संस्था, मंडळं भरपूर होती आणि बरेच पुरुष वस्तीतच कामाला होते. तिथल्या लोकांनी अशीच योजना अडवून धरली. खुद्द गॅन्स यांना मात्र हे पटलं नाही. ग्रॅनोव्हेटर यांचा निबंध ज्यात आला होता त्याच नियतकालिकात १९७४ साली त्यांनी उत्तर लिहिलं की वेस्ट एंडमध्ये पातळ ओळखींचा तुटवडा मुळीच नव्हता, कारणं दुसरीकडे शोधायला हवीत.